सलाम पोहोचवायला नवापूरला

अब्बांनी शेवटच्या आजारपणात आम्हा दोघा भावांकडून दोन वचने घेतली होती. मशिदीजवळच्या किराणा दुकानात त्यांच्या नावावर असलेली उधारी फेडायची, हे पहिले. नवापूरकडे जाऊन एका पाद्रीसाहेबांना त्यांचा सलाम सांगायचा, हे दुसरे. पहिले वचन आम्ही आठ दिवसांत पुरे केले. दुसऱ्याला चार वर्षे लागली. नोकरी, मुलांच्या परीक्षा, लग्नकार्ये अशी कारणे निघतच राहिली. शेवटी या हिवाळ्यात अम्मीच म्हणाल्या, "मय्यताचे देणे पैशाचेच असते असे नाही." मग आम्ही तिघे भुसावळहून सुरतकडे जाणाऱ्या गाडीत बसलो.

तापी खोऱ्यातून जाणारा हा लोहमार्ग खानदेशातल्या लोकांच्या ओळखीचा. अमळनेर, दोंडाईचा मागे पडते आणि नंदुरबार येते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यातले शंभरात जवळजवळ सत्तर लोक आदिवासी. स्टेशनाबाहेर पडले की मिरचीचा ठसका लागतो. शहराभोवती पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली दिसते. १९४२ च्या लढ्यात याच शहरात शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार गोळीबारात शहीद झाले. अब्बा शाळेतल्या मुलांना ही हकीगत आवर्जून सांगत.

नंदुरबार सोडले की गाडी नैऋत्येला वळते. खांडबारा, चिंचपाडा, मग नवापूर. गावित, मावची, भिल्ल या समाजांची ही वस्ती. विसाव्या शतकात इथे परदेशी मिशनरी आले, काही घरांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि शाळा-दवाखाने उभे राहिले. चिंचपाड्याचे ख्रिश्चन हॉस्पिटल त्यातलेच. चाळीसच्या दशकात ते सुरू झाले आणि आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ते चालवते. जिथे डॉक्टर मिळणे मुश्कील, तिथे अशा दवाखान्यांनी सर्वच धर्मांच्या लोकांची बाळंतपणे केली, सर्पदंश उतरवले, हाडे जोडली.

अब्बांचेही हाड याच पट्ट्यातल्या एका मिशन दवाखान्यात जोडले गेले. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. अब्बा आमच्या गावच्या मशिदीचे पेशइमाम होते. सुरतहून परतताना नवापूरजवळ जीप उलटली आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. लोकांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेले. आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा त्यांनी वेदनेची तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, "माझे पाय पश्चिमेकडे आहेत. तोंड किब्ल्याकडे करता येत नाही."

त्या दवाखान्यात रोज संध्याकाळी एक पाळक प्रत्येक रुग्णाजवळ येऊन प्रार्थना करीत. सगळे त्यांना पाद्रीसाहेब म्हणत. अब्बांच्या खाटेजवळ ते आले, दाढी-टोपी पाहून थांबले आणि म्हणाले, "मौलानासाहेब, तुम्ही तुमची दुआ करा. मी शांत उभा राहतो." अब्बांनी त्यांना आपली अडचण सांगितली. पाद्रीसाहेबांनी डॉक्टरांना विचारले, वॉर्डबॉयला हाक मारली आणि मोडलेल्या पायाला धक्का न लागू देता दोघांनी खाट फिरवली. किब्ल्याकडे तोंड होईल अशी उशी लावून दिली. पुढे जितके दिवस अब्बा तिथे होते तितके दिवस ती खाट वॉर्डात एकटीच आडवी राहिली. झाडू मारणाऱ्या बाईला त्रास व्हायचा, पण तिनेही ती सरळ केली नाही.

नातेवाइकांत मात्र कुजबुज झाली. "मिशनच्या दवाखान्यात कशाला ठेवले? तिथे माणसे फोडतात." अब्बांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "माझा ईमान एका खाटेवर झोपल्याने जाईल इतका कच्चा आहे का?" पुढे तो विषय कुणी काढला नाही.

नवापूरच्या स्टेशनावर उतरलो. हे स्टेशन दोन राज्यांत विभागलेले आहे. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातमध्ये. सूचना मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होतात. एका बाकावर मधोमध रेघ आहे, इकडे महाराष्ट्र, तिकडे गुजरात. अम्मी त्या बाकावर बसल्या आणि बटव्यातून पान काढून म्हणाल्या, "बसायला तर दोन्हीकडे सारखेच लाकूड आहे."

पाद्रीसाहेबांचे घर शोधायला फार वेळ लागला नाही. वय ऐंशीच्या पुढचे, कान मंद झालेले, नजर अधू. अंगणात खुर्चीवर ऊन खात बसले होते. त्यांच्या मुलाने कानाजवळ जाऊन मोठ्याने सांगितले, "खाट फिरवली होती ना, त्या मौलानासाहेबांच्या घरचे आलेत." ते क्षणभर थांबले, काठी चाचपली आणि उठू लागले. अम्मी म्हणाल्या, "बसा बाबा, त्रास घेऊ नका." ते उभे राहूनच म्हणाले, "सलाम आणलाय ना? तो बसून कसा घेऊ?"

आम्ही अब्बांचा सलाम सांगितला. ते गेल्याचेही सांगितले. पाद्रीसाहेब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांतही भेटल्यावर सलामच म्हणतात. आमच्या मराठी बायबलमध्ये पौलाच्या पत्रांच्या शेवटी हाच शब्द येतो, अमक्याला सलाम सांगा, तमक्याला सलाम सांगा. तुमच्या अब्बांना मी हे दाखवले होते. फार खूश झाले होते."

घरात सूनबाईंनी जेवणाची तयारी केली होती. नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा. त्या संकोचाने म्हणाल्या, "कोंबडी केली असती, पण तुमच्याकडची जबीहा नाही, म्हणून केली नाही." जुहरची वेळ झाली तेव्हा त्यांनी आतली एक खोली दाखवली आणि धुतलेली चादर अंथरली. समोरच्या खोलीत भिंतीवर क्रूस होता. या खोलीची पश्चिमेची भिंत मोकळी होती. त्यांनी काही बोलून दाखवले नाही, आम्हीही विचारले नाही. पण ती खोली त्यांनी विचार करून निवडली होती, हे आम्हाला कळले.

जेवणानंतर पाद्रीसाहेब मोकळेपणाने बोलले. अब्बांना आणि त्यांना संध्याकाळी गप्पांची सवय लागली होती. अब्बांनी त्यांना सूरह मरियमचा अर्थ सांगितला, त्यांनी अब्बांना बायबलमधली येशूच्या जन्माची कथा सांगितली. हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे पैगंबर आहेत, पुत्र नव्हेत, हे अब्बांनी स्पष्ट सांगितले. पाद्रीसाहेबांनीही आपली श्रद्धा तितक्याच स्पष्टपणे सांगितली. "आमचे एकमत झाले नाही," ते हसून म्हणाले, "आणि भांडणही झाले नाही."

मग जरा थांबून त्यांनी आम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. खाट फिरवल्यावर त्यांच्या मंडळीतल्या काहींनीही त्यांना जाब विचारला होता. येशूच्या नावाने चालणाऱ्या दवाखान्यात नमाजची सोय का करून दिली, म्हणून. त्यांनी उत्तर दिले होते, "जखमी माणसाला देवाकडे तोंड करायचे होते. मी आडवा कसा येऊ?" म्हणजे आमच्या घरात जी कुजबुज चालू होती, तीच त्या वेळी त्यांच्याही घरात चालू होती. अब्बांना हे कधी कळले नाही. आदर करणाऱ्याला बहुधा आपल्याच माणसांपुढे त्याची किंमत मोजावी लागते, हे आम्हाला त्या अंगणात उमगले.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून तापी ओलांडून तळोद्यामार्गे अक्कलकुव्याला निघालो. उजव्या हाताला सातपुडा सोबतीला होता. याच तालुक्यात काठीची राजवाडी होळी पेटते आणि डोंगरापलीकडे नर्मदा वाहते. अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी (रह.) यांनी १९७९ मध्ये जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमची स्थापना केली. एका आदिवासी तालुक्यात सुरू झालेल्या त्या मदरशाचे आज मोठे शैक्षणिक संकुल झाले आहे. कुरआन हिफ्जबरोबर शाळा, औषधनिर्माण, अभियांत्रिकी असे शिक्षणही तिथे मिळते. २०११ मध्ये मौलाना काही महिने दारुल उलूम देवबंदचे मोहतमिमही होते. आमच्या बहिणीचा मुलगा इथे शिकतो.

आम्ही कुठून आलो हे ऐकल्यावर त्याने सरळ विचारले, "मामू, पाद्रीच्या घरी जेवलात? नमाजपण तिथेच पढलात?" मुलाच्या प्रश्नात उर्मटपणा नव्हता, काळजी होती. आम्ही त्याला रागावलो नाही. सीरतमधलीच गोष्ट त्याला आठवून दिली. नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेला आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीत भेट दिली. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांना तिथेच पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. हजरत ईसा (अ.) यांच्याविषयीचा मतभेद मिटला नाही. तरी ते लोक सुरक्षिततेचा करार घेऊन आपल्या गावी परतले.

हजरत उमर (रजि.) जेरुसलेममध्ये गेले, तेव्हा धर्मगुरू सोफ्रोनियस यांनी त्यांना चर्चमध्येच नमाज पढण्याची विनंती केली, असे इतिहासकार सांगतात. हजरत उमर (रजि.) यांनी नकार दिला आणि बाहेर नमाज पढली. उद्या माझ्या नावाने मुसलमान ही जागा मागतील, ही त्यांची भीती होती. एकाने आत येऊ देण्यात आदर दाखवला, दुसऱ्याने आत न जाण्यात. त्याच चर्चच्या दरवाजाची किल्ली शतकानुशतके मुस्लिम घराण्याकडे आहे.

मुलगा ऐकत होता. मग आम्ही त्याला आपल्या काळातल्या गोष्टी सांगितल्या. मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस इराकमधल्या नजफला आयतुल्लाह सिस्तानी यांच्या साध्या घरी गेले. पोपनी खोलीबाहेर बूट काढले. एरवी पाहुण्यांसाठी न उठणारे वयोवृद्ध सिस्तानी उठून उभे राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये जकार्तातल्या इस्तिकलाल मशिदीत इमाम नसरुद्दीन उमर यांनी पोपच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि पोपनी इमामांचा हात आपल्या ओठांना लावला. त्या मशिदीसमोरच कॅथेड्रल आहे आणि दोहोंना जोडणारा भुयारी मार्ग बांधला आहे. २१ एप्रिल २०२५ ला पोप फ्रान्सिस गेले. त्यानंतर तेरा दिवसांनी, ४ मे रोजी, मौलाना वस्तानवी गेले.

"पण ते मोठे लोक," मुलगा म्हणाला. खरे आहे. त्यांच्या भेटीला कॅमेरे असतात. खाट फिरवताना कुणी फोटो काढला नव्हता. तरीही फरक फार नाही. उभे राहणे, बूट काढणे, शांत राहणे, मोकळी भिंत शोधून देणे, याला ना पद लागते ना पैसा.

वाचकहो, आज मदरसा म्हटले तरी लोकांच्या भुवया उंचावतात आणि मिशन म्हटले तरी. एकाच जिल्ह्यातल्या या दोन वाटांकडे बाहेरचे लोक सारख्याच संशयाने पाहतात. अशा वेळी आपणही दुसऱ्याविषयी ऐकीव गोष्टी पसरवल्या, तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? कुरआनने सूरह अल-माइदामध्ये ख्रिस्ती लोकांना ईमानवाल्यांशी स्नेहाने सर्वांत जवळचे म्हटले आहे आणि त्याचे कारणही दिले आहे, त्यांच्यात विद्वान व संन्यासी आहेत आणि ते गर्व करीत नाहीत. हे वर्णन आम्ही अनेकदा वाचले होते. नवापूरच्या अंगणात ते काठी टेकून उभे राहिलेले पाहिले.

निघताना पाद्रीसाहेबांनी आमचा हात धरून म्हटले होते, "मौलानासाहेबांना माझाही सलाम सांगा." अब्बा गेल्याचे ते विसरले, असे आम्हाला वाटले. त्यांचा मुलगा आठवण करून देऊ लागला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवले. ते विसरले नव्हते.

घरी परतल्यावरच्या पहिल्या जुम्म्याला आम्ही कब्रस्तानात गेलो. अब्बांच्या कबरीजवळ उभे राहून सलाम केला, फातिहा पढली आणि पाद्रीसाहेबांच्या आरोग्यासाठी दुआ मागितली. त्यांचा निरोप कसा सांगावा हे आम्हाला सुचेना. घरी येऊन अम्मींना विचारले. त्या मिरच्या निवडत होत्या, नंदुरबारहून आणलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांच्यासाठी दुआ केलीत ना? मग पोहोचला."