कमजोरी कुणाच्या कागदावर लिहायची?

चळवळीतले काही ज्येष्ठ सध्या आमच्यावर नाराज आहेत. आष्ट्यातल्या आमच्या वस्तीतली पोरं-पोरी रविवारी दुपारी फासे घेऊन बसतात आणि आम्हीही त्यांच्यात असतो, ही बातमी त्यांच्यापर्यंत गेली. फासे म्हटल्यावर जुगाराचा संशय आला. जुगार नाही हे कळल्यावर दुसरा आक्षेप आला, की शिष्यवृत्तीचे प्रश्न पडलेले असताना हा सुपरहिरोंचा पोरखेळ कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण गेल्या दोन महिन्यांत जात, आरक्षण आणि संविधान यांवर जेवढा खरा वाद या पोरखेळात झाला, तेवढा आमच्या कुठल्याही व्याख्यानमालेत झालेला नाही. व्याख्यानात पोरं टाळ्या वाजवतात. इथे भांडतात.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. प्रत्येक जण एक पात्र रचतो आणि त्याची माहिती कागदावर लिहितो. एक जण गेममास्टर होतो. गाव, पोलीस, पाऊस, खलनायक हे सगळं तो सांभाळतो. 'मी भिंत फोडतो' असं खेळाडू म्हणाला की फासे पडतात आणि भिंत फुटली की नाही ते ठरतं. आम्ही खेळतो तो 'चॅम्पियन्स' १९८१ साली अमेरिकेत निघाला. त्याला साधे सहा बाजूंचे फासे लागतात, म्हणजे ल्युडोच्या डब्यातले चालतात.

या खेळाचा हिशोब सावकारी वहीसारखा आहे. ताकद फुकट मिळत नाही, गुण मोजून विकत घ्यावी लागते. १९८९ च्या आवृत्तीत सुपरहिरोला सुरुवातीला १०० गुण मिळतात. आणखी हवे असतील तर कमजोऱ्या पत्करायच्या. त्यांतून आणखी १५० पर्यंत मिळू शकतात. एखाद्या वस्तूने इजा होते, शत्रू मागावर आहे, घरी जपावं लागणारं माणूस आहे, अशा प्रत्येक गोष्टीची किंमत ठरलेली असते. अट एकच. जी कमजोरी खेळात कधी आडवीच येत नाही, तिचे गुण मिळत नाहीत.

पोरं हुशार आहेत. पहिल्याच रविवारी एकाने लिहिलं, 'आगीने मला काही होत नाही', आणि खाली कमजोरीच्या रकान्यात, 'आगीचा मार मला दुप्पट लागतो'. दोन्हीकडून फायदा! शून्याची दुप्पट शून्यच, हे त्याला गणिताच्या शिक्षकाने शिकवलं होतं तर. असं दिसलं की एक ओळ खोडायची, विषय संपला. दुसरा प्रकार ग्रीन लँटर्नचा. त्याची अंगठी काहीही करू शकते, फक्त पिवळ्या रंगापुढे चालत नाही. ही त्या माणसाची कमजोरी नव्हे, त्याच्या ताकदीतलं भोक आहे. अशा वेळी वेगळे गुण द्यायचे नसतात, ती ताकदच स्वस्तात द्यायची असते. तिसरा सुपरमॅनचा. त्याला कशानेच काही होत नाही, पण क्रिप्टोनाइट जवळ आलं की तो कोसळतो. सुपरमॅन १९३८ चा. क्रिप्टोनाइट आधी १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आलं आणि कॉमिकच्या पानावर १९४९ मध्ये. न हरणाऱ्या माणसाची गोष्ट सांगणं अवघड जातं, म्हणून त्याला हरवणारं काहीतरी शोधावं लागलं. इथे सर्वसाधारण नियमावर नेमका नियम भारी पडतो. 'कशानेच नाही' हे साधारण, 'या दगडाने' हे नेमकं. दगड जिंकतो. मात्र हे खेळ सुरू होण्याआधी सर्वांसमोर ठरलं पाहिजे. आयत्या वेळी ठरवायला गेलं की गेममास्टर आपल्या लाडक्याच्या बाजूने निकाल देतो.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. महाभारतातला कर्ण पाहा. ब्रह्मास्त्राची विद्या ही त्याची ताकद आणि ऐन वेळी ती आठवणार नाही हा परशुरामाचा शाप. शाप कशाबद्दल? ब्राह्मण असल्याचं खोटं सांगून विद्या घेतली म्हणून. ताकद आणि कमजोरी समोरासमोर आल्यावर कमजोरी जिंकली. अर्जुनाचीही अशीच अडचण होती. सूर्य मावळायच्या आत जयद्रथ मारला नाही तर अग्नीत प्रवेश करीन, अशी प्रतिज्ञा त्याने स्वतःच केलेली. तिथे मात्र सूर्यच झाकला गेला! नियम तोच, गेममास्टर त्याच्या बाजूला. आणि एकलव्याला तर कमजोरी नव्हतीच. ती गुरुदक्षिणा म्हणून तयार करून घ्यावी लागली.

आता मूळ भांडणाकडे येतो. आमच्यात नववीतली एक मुलगी आहे. तिने पात्र रचलं ते पाण्यावर हुकमत असलेल्या बाईचं. कृष्णेला पूर आणेल, ओढा उलटा वळवेल, कोरड्या विहिरीला पाझर फोडेल. ताकदीच्या रकान्यात लिहिलं, 'सगळं पाणी माझं ऐकतं.' कमजोरीच्या रकान्यात लिहिलं, 'गावच्या पाण्याला शिवू शकत नाही.' हे तिला कुणी सुचवलं नव्हतं. तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं होतं.

जिचं सगळं पाणी ऐकतं ती पाण्याला शिवू शकत नाही, यात काय जिंकतं? पहिली सूचना आली की हे क्रिप्टोनाइटसारखंच धरा. गावच्या पाण्याला हात लागला की तिला इजा होते, सोपा हिशोब, वीस गुण देऊन टाका. दुसऱ्या एका पोराने हसत हसत जोडलं, "म्हणजे हिला जातीचे वीस गुण जादा. इथंपण आरक्षण!"

हसणं तिथेच थांबलं. तो पोरगा वाईट नाही. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर रोज ऐकतो ते त्याच्या तोंडून निघालं, एवढंच. पण त्या विनोदाला उत्तर देणं गरजेचं होतं. रागावून नव्हे, खेळाच्याच नियमांनी.

आम्ही विचारलं, पाणी तिला काय करतं? चटका बसतो का, अंगावर फोड येतात का? काहीच होत नाही. मग इजा कोण करतं? माणसं करतात. महाडचंच पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर ताकद होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली. पाण्याने कुणाचं काही बिघडलं नाही. डोकी फुटली ती नंतर, गावातल्या जमावाच्या लाठ्यांनी. मग तळं 'शुद्ध' करायला शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरी ओतल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने यायला १९३७ साल उजाडलं. यात क्रिप्टोनाइट कुठे आहे? तळ्यात नाही, पिणाऱ्याच्या अंगात नाही. ते लाठी धरणाऱ्याच्या डोक्यात आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं पडलं की ही ओळ तिच्या कागदावर लिहायचीच नाही. ती गावाच्या कागदावर गेली पाहिजे.

इथेच त्या वीस गुणांचंही उत्तर आहे. खेळात कमजोरीचे गुण मिळतात कारण खेळाडू ती स्वतः निवडतो. नको असेल तर दुसरी निवडतो. जात कुणी निवडली? तिची किंमत जन्माआधी ठरते आणि पिढ्यानपिढ्या उलटी वसूल होते. आरक्षण हे कमजोरीचं मानधन नाही. ज्यांनी तळ्याला, शाळेला, कचेरीला कुंपण घातलं, त्या कुंपणात पाडलेलं दार आहे ते. दारातून येणाऱ्याला 'तू लंगडा आहेस म्हणून तुला दार दिलं' असं म्हणणं हा कुंपण घालणाऱ्याचा कांगावा झाला. तो पोरगा यावर लगेच पटलं असं म्हणाला नाही. "पण दार किती दिवस?" असं त्याने विचारलं. आम्ही म्हटलं, कुंपण किती दिवस, ते आधी विचार. वाद अजून चालू आहे, आणि चालू राहावा.

याच खेळात 'उठून दिसणारी खूण' नावाची एक कमजोरी आहे. ती किती सहज लपवता येते आणि लोक ती पाहून कसे वागतात, यावरून तिचे गुण ठरतात. अमेरिकेतल्या लेखकांच्या डोळ्यांपुढे हिरवी कातडी आणि शेपट्या असणार. आमच्या पोरांनी पहिला प्रश्न विचारला तो आडनावाचा. आडनाव लपवता येतं का? सहज, कष्टाने, की अजिबात नाही? खोली भाड्याने बघायला गेलेल्या एकाने सांगितलं, फोनवर सहज, घरमालकासमोर कष्टाने, आधार कार्ड मागितलं की अजिबात नाही. खेळाच्या लेखकांनाही इतका बारीक नियम सुचला नसता. लहानपणी आम्ही दूरदर्शनवर ज्याच्यासाठी धावत यायचो त्या शक्तिमानचं लपवलेलं नाव काय होतं आठवतं? पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. असं नाव लपवून काय आणि सांगून काय, घरमालक चहाच पाजणार.

मग गावाचा कागद लिहायला घेतला. पाणवठ्यावर बंदी, ही गावाची ताकद. ती कशावर चालते? सगळ्यांच्या मुकाट संमतीवर. एक जरी घर फुटलं तर फाशांत एक कमी. आणि तिच्यावर भारी पडणारा नेमका नियम कुठला? एकाने संविधान काढलं. कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट यांचं नाव घेऊन बंदी मोडली आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आमच्या कामाचं कलम १३ निघालं. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता रद्द, आणि 'कायदा' या शब्दात रूढी आणि परिपाठही धरलेला. म्हणजे दोन नियम भिडले तर कुठला टिकतो, हे देशाच्या खेळात आधीच, सर्वांसमोर ठरलेलं आहे.

पोरं खूश झाली. मग जिंकलोच की! तिथे गेममास्टर झालेल्या मुलाने अडवलं, आणि बरोबर अडवलं. कलम आहे म्हणून फासे टाकायचे नाहीत असं कुठाय? २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत. एकाच देशाच्या कागदावर दोन उलट ओळी. ठरलं असं की कलम १३ मुळे बंदी बेकायदा ठरेल, पण ती मोडायला कुणीतरी घागर घेऊन जायला हवं, आणि जाणाऱ्याबरोबर किती जण आहेत त्यावर फासे मिळतील.

एक गोष्ट मात्र आम्हाला सुटलेली नाही. आमच्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंचा 'फकिरा' दुसऱ्या एका पोराने पात्र म्हणून घेतला. १९५९ ची कादंबरी, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. शत्रू मागावर, तोही सरकारी, म्हणून गुण भरपूर. हजेरीची सक्ती आम्ही इंग्रजांच्या कागदावर टाकली, त्यावर वाद झाला नाही. पण फकिरा खजिना लुटतो तो उपाशी माणसांसाठी, आणि ती माणसं पाठीशी आहेत म्हणून सापडत नाही. शेवटी सरकार त्याच माणसांना धरतं आणि तो स्वतः हजर होतो. आपली माणसं ही त्याची ताकद की कमजोरी? खेळाचा नियम सांगतो, जपावी लागणारी माणसं कमजोरीत लिहा आणि गुण घ्या. तो पोरगा गुण घ्यायला तयार नाही. त्याने दोन्ही रकान्यांत 'वस्ती' लिहिलंय आणि गुणांची जागा कोरी ठेवलीय. गेममास्टर म्हणतो, असं चालत नाही. येत्या रविवारी यावर मतदान आहे.