बांगड्यांवर रुमाल

आपल्या हातात रोज येणारं लाटणं कोण घडवतं, याचा विचार आपण कधी करतो का हो? जत्रेत चार लाटणी हातात फिरवून बघायची, वाकडं नाही ना एवढं पाहायचं, की झालं. आमच्या मंद्रूपकडे तर भाकरीचा मुलूख. भाकरी हातानं थापायची, त्यामुळे लाटण्याचा मान तसा दुय्यमच. पण शेंगापोळी करायची म्हटली की त्याच्यावाचून चालत नाही. सारण कडेपर्यंत सारखं पसरलं पाहिजे आणि पोळी फुटताही कामा नये.

आमच्या सासूबाईंची शेंगापोळी गल्लीत नावाजलेली. पण तीन वर्षं झाली, संधिवातानं त्यांची बोटं नीट मिटत नाहीत. लाटण्याची बारीक मूठ हातातून निसटते. त्या काही बोलल्या नाहीत. मात्र गेल्या संक्रांतीला पोळ्या मी लाटायला घेतल्या तेव्हा उठून पडवीत जाऊन बसल्या. जाड मुठीचं लाटणं मिळेल का म्हणून मी सोलापुरात पुष्कळ दुकानं पालथी घातली. सगळी एकाच मापाची.

दिवाळीच्या सुट्टीत सावंतवाडीच्या मावसबहिणीनं बोलावलं. तिच्या ओळखीचे एक कातकाम करणारे कारागीर चार दिवस शिकवायला तयार होते. शाळेत मी तासांवर शिकवते, त्याचे थोडे पैसे साठलेले होतेच. सासूबाई म्हणाल्या, "लाकूड कातायला चाललीस? त्ये काय बायामाणसाचं काम हाय व्हय?" कशासाठी जाते आहे ते मी त्यांना सांगितलंच नाही. हे म्हणाले, "जाऊन ये, आम्ही पिठलं-भाकरी खाऊ." भाकरी कोण थापणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही!

कोल्हापूर, आजरा करत आंबोलीचा घाट उतरलं की सह्याद्रीच्या पायथ्याशी सावंतवाडी. तिथल्या चितारआळीतली लाकडी फळं तुमच्यापैकी कुणी शोकेसमध्ये ठेवलीही असतील. ती पांगाऱ्याची. हे लाकूड वजनाला हलकं आणि कापायला मऊ. आधी कातायचं, मग रंगवायचं. इथल्या राजवाड्यातही ही कला जपलेली आहे. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे बारा-बारा, म्हणजे १२० पत्ते असतात. ही कला विझायला आली होती, तेव्हा १९७० नंतरच्या काळात राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. राणीसाहेब नुसत्या हुकूम सोडून थांबल्या नाहीत, त्यांनी स्वतः कुंचला हातात धरला. हे ऐकून मला मोठा धीर आला.

कातयंत्राचं तत्त्व सोपं आहे. लाकडाचा तुकडा दोन टोकांत अडकवून गरगर फिरवायचा आणि टेकणावर पटाशी टेकवून धार त्याला लावायची. पूर्वी एकानं दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं कातायचं. लाकूड आळीपाळीनं पुढे-मागे फिरे, म्हणून एकाच फेऱ्याला कापता येई. आता मोटार असते. पण मोटार आली की पदराची भीती आली. पदर खोचला, अंबाडा घट्ट बांधला. काका माझ्या हातांकडे बघत राहिले. काचेच्या बांगड्या काढून ठेवायला माझं मन घेईना. शेवटी त्या वर सरकवल्या आणि मावसबहिणीनं त्यांच्यावर रुमाल करकचून बांधला.

पहिले दोन दिवस पांगाऱ्यावर हात बसवला. खांदे भरून आले. पीठ मळायला जोर लागतो, इथे तो उलट नडतो. काका म्हणायचे, "वैनी, जोर करू नका. लाकूड आपसूक येता." तिसऱ्या दिवशी ते जमलं. पटाशीवरून कीस लांब रिबिणीसारखा निघाला आणि आवाजही बदलला, खरखर जाऊन सळसळ आली. चांगलं वाळलेलं फणसाचं लाकूड त्यांनी मग माझ्या हवाली केलं. ओलं लाकूड वाळताना टोकाकडून लवकर सुकतं आणि तडकतं, म्हणून आधी सावलीत मुरवावं लागतं. लाटणं पांगाऱ्याचं चालत नाही, मऊ पडतं.

मधला भाग सरळ ठेवला, मुठी मात्र पेरूएवढ्या जाड केल्या. फिरत्या मुठीवर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर चढते. लाख म्हणजे बोर, पळस, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांची देणगी. आपल्याकडे बोरी-पळस काय कमी आहेत? मुठी लाल झाल्या. पोळी लाटायच्या भागाला फक्त गोडंतेल चोळलं. (तुम्हीही नवं लाटणं पाण्यात बुडवून ठेवू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि महिन्याकाठी तेलाचा हात द्या. तव्याजवळ ठेवाल तर लाख मऊ होईल.)

घरी आल्यावर लाटणं काही न बोलता पोळपाटावर ठेवलं. सासूबाईंनी ते उचललं, उलटसुलट केलं. मूठ तळहातात बसली, बोटं मिटायची गरजच पडली नाही. "जरा जड झालंय," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ओट्यावर पाच शेंगापोळ्या! एक कडेला फुटलेली होती, ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

परवा विचारत होत्या, "ताक घुसळायची रवी करत्यात का गं तिथं?"