कठड्याकडे बघणारा

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण गोल फिरणाऱ्या वस्तूंचं आहे. वळणावर बाहेरच्या बाजूने उचललेले रस्ते त्यात आहेत, यात्रेतला मौत का कुआँ आहे आणि वळताना दुचाकीस्वाराला किती कलावं लागतं याचं सूत्रही आहे. चाळीसगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी हे प्रकरण वर्षानुवर्षं शिकवतोय. फळ्यावर कललेला स्वार काढायचा, बाण दाखवायचे, ‘टॅन थीटा बरोबर व्ही वर्ग भागिले आर जी’ लिहायचं आणि वजन दोन्हीकडून कटतं, म्हणून जाड माणूस आणि बारीक माणूस सारखाच कलतो, असं सांगून पोरांना हसवायचं. हे सांगणाऱ्या मला मात्र मोटारसायकल कलवता येत नव्हती. खरं सांगायचं तर कलवायचीच नाही, असं मी ठरवलं होतं.

चाळिशी उलटेपर्यंत माझं स्कूटरवर भागलं. घर, कॉलेज, बाजार, स्टेशन. गावात वळणं अशी नसतातच, चौक असतात. मग आठवड्यातले काही दिवस कन्नडकडच्या कॉलेजात तास घ्यायची वेळ आली. सकाळच्या तासाला जुळणारी एसटी नव्हती. मोटारसायकल घेतली आणि कन्नड घाट माझ्या वाट्याला आला.

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याची रांग भिंतीसारखी उभी आहे. खाली खानदेश, वर मराठवाडा. कागदोपत्री या घाटाचं नाव औट्रम घाट. 1825मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं हे नाव. 1986मध्ये जाहीर झालेल्या गौताळा अभयारण्यालाही ते जोडलेलं आहे. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग इथूनच चढतो. 2021च्या ऑगस्टअखेर एका रात्रीच्या पावसात तितूर आणि डोंगरी नद्यांनी चाळीसगाव बुडवलं, तेव्हा याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. पुढे 2023मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून अवजड वाहनांना बंदी झाली. त्यामुळे ट्रकच्या रांगा कमी झाल्या, पण वळणं आहेत तिथेच आहेत.

त्या वळणांवरून मी डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा ताठ बसून जायचो. वेग पंधरा-वीसवर. हात इतके आवळलेले की वर पोचेपर्यंत मनगटं दुखायची. उतरताना इंजिन बंद करून, न्यूट्रलवर, ब्रेक दाबत दाबत यायचो. पेट्रोल वाचतं, असं चारचौघांत सांगायचो. इंजिनाची रोक गेली की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात, हे वर्गात सांगणारा माणूस घाटात स्वतः तेच करत होता.

याला मी जबाबदारपणा म्हणत होतो. कॉलेजची पोरं घाटात गाडी कलवून वळायची, तेव्हा मला त्यांचा मनापासून राग यायचा. वळणावर कलणं म्हणजे माज, बापाच्या पैशाची मस्ती, असं माझं पक्कं मत होतं. एका मुलाच्या वडिलांना तर मी बोलावून सांगितलं होतं की, तुमचा मुलगा एक दिवस दरीत जाईल. मुलगा खाली मान घालून उभा होता. तो वेगात चालवायचा म्हणून मी बोललो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मला जे जमत नव्हतं ते तो माझ्यासमोरून सहज करून जायचा, हे खरं कारण होतं.

आणि माझा तो सावधपणा तरी किती खरा होता? माझ्यामागे जीपगाड्या तुंबायच्या. कंटाळून त्या आंधळ्या वळणावर मला ओलांडायच्या, समोरून काय येतंय ते न दिसताच. तेव्हा मी त्यांच्यावर चरफडायचो. त्यांची चूक होतीच. पण त्यांना तिथे आणून सोडणारा मी होतो, हे मला सुचलंसुद्धा नाही.

एकदा उतरताना उजव्या वळणाच्या बाहेरच्या कडेला, कठड्यालगत, खडी सांडलेली दिसली. तिकडे जायचं नाही, एवढंच डोक्यात. नजर खडीवर खिळली आणि गाडी सरळ त्या खडीकडेच निघाली. मी हँडल वळवतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात हात गोठले होते. मागचं चाक घसरलं, कसाबसा कठड्यापाशी थांबलो. पडलो नाही. घरी काही सांगितलं नाही आणि दोष टाकला खडी सांडणाऱ्यावर.

नंतर कधीतरी घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता आरोग्यसेविका आहे, वस्त्यांवर लसीकरणाला वडिलांची शंभर सीसीची जुनी गाडी घेऊन फिरते. भौतिकशास्त्रात जेमतेम पास झालेली. ती माझ्या मागूनच चढून आली होती. चहा पिताना थोडी घुटमळली आणि म्हणाली, “सर, राग नका मानू. तुम्ही वळणावर रस्ता बघतच नाही. कठडा बघता.”

मी म्हणालो, कठडा बघायलाच हवा, पलीकडे दरी आहे.

“म्हणून तर म्हणते,” ती म्हणाली आणि मग अहिराणीवर आली, “नजर जठे जाई, गाडी तठे जाई, सर.”

राग आलाच. सूत्रं मी शिकवायची आणि हिने मला गाडी शिकवायची? पण खडीचा प्रसंग डोळ्यांसमोर होता. तिला तो ठाऊक नव्हता, तरी तिने तो जसाच्या तसा सांगितला होता. खडीवर खिळलेली नजर, तिच्यामागे गेलेली गाडी. दोष खडी सांडणाऱ्याचा नव्हता.

उतरताना ती पुढे, मी मागे. निघण्याआधी तिने एवढंच बजावलं की, माझ्या गाडीकडे बघू नका, माझ्या पुढच्या रस्त्याकडे बघा. पहिल्या वळणावर मी नेहमीसारखाच कठडा पाहिला आणि ताठ झालो. दुसरं वळण डावीकडचं होतं. ती वळणाच्या आधीच हळू झाली, गिअर खाली टाकला, आणि आत शिरल्यावर ब्रेकला हातच लावला नाही. मी तसंच केलं. मग मान वळवली. नुसते डोळे नव्हे, हनुवटीसकट मान, वळण जिथे उलगडत होतं तिकडे. कठडा नजरेच्या कडेला धूसर झाला. त्या क्षणी जे झालं ते मी केलं असं म्हणवत नाही. गाडी आपोआप कलली, खांदे सैल पडले आणि रस्ता माझ्या खालून वळून गेला. भीती जायला हवी होती. उलट ती एकदम वाढली, कारण आपण कललोय हे तेव्हा कळलं. पण चाकं रस्ता सोडत नव्हती. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 36 किलोमीटरने गेलं तर साधारण 27 अंश कलावं लागतं, हे उदाहरण मी कितीतरी वेळा सोडवून दाखवलंय. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड त्याहून बरंच जास्त सोसते. मी तर त्याच्या निम्माही कललो नसेन. इतकी वर्षं जिला मी ‘पडण्याच्या आधीची अवस्था’ समजत होतो, ती वळणावर तोल राखण्याची अवस्था होती. माझ्या अक्षरात फळ्यावर लिहिलेली.

पायथ्याशी ती हात हलवून निघून गेली. मी गाडी बाजूला लावून बराच वेळ उभा राहिलो. आनंद झाला नव्हता, लाज वाटत होती.

त्यानंतर मी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रस्त्यावर सराव सुरू केला. तिथे रहदारी कमी. एक गोष्ट मात्र पटायला फार वेळ लागला. डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलायची. म्हणजे चाक किंचित उजवीकडे फिरतं, खालचा आधार उजवीकडे सरकतो, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. विमानाआधी सायकलींचा धंदा करणाऱ्या विल्बर राइटने हे हेरलं होतं. डावीकडे कसं वळता, असं त्याने अनेक सायकलस्वारांना विचारलं आणि पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर एकाकडूनही आलं नाही. हात ते जाणतात, डोकं जाणत नाही. माझं डोकं तर नाकारत होतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर तळव्याने हलकेच डावी मूठ दाबली आणि गाडी डावीकडे झुकली, तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो.

याच पाटणादेवीजवळच्या पाटण्याला गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख सापडला. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार करणाऱ्या माणसाचे ग्रंथ तिथे शिकवले जात. तिथल्या शिक्षकांना रात्री आकाशाकडे बघून आपलं गणित ताडून पाहावं लागत असणार. मला तशी गरज कधी वाटलीच नव्हती.

आता वळण दिसलं की मी त्याचं टोक शोधतो, जिथे रस्त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात ती जागा. ती आपल्यापासून दूर जात असेल तर वळण उघडतंय. ती जवळ येऊ लागली तर वळण आवळतंय, वेग अजून कमी करायचा. हे तेवढं पोरांना वर्गात सांगतो. वेगाची चढाओढ करणाऱ्यांचा राग मला आजही येतो आणि तो मी सोडणार नाही. ताशी 30 वरून 40 वर गेलं की त्याच वळणावर टायरवरचा ताण पावणेदोन पटीहून जास्त होतो, आणि पाठीमागे बसवलेल्या मित्राने त्याला होकार दिलेला नसतो. पण कललेली प्रत्येक गाडी मला आता माज वाटत नाही. वडिलांना बोलावलं होतं तो मुलगा पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीत गावी दिसतो, नमस्कार करतो. त्याच्याशी या विषयावर बोलायचं मी दरवेळी टाळलं आहे.

उजवी वळणं अजून जड जातात, विशेषतः उतारावर. पावसाळ्यात घाटातल्या वळणांवर चिखल आणि बारीक खडी वाहून येते, तेव्हा मी गाडी घरी ठेवतो, एसटीने जातो आणि पहिला तास बुडतो. प्राचार्यांनी कारण विचारलं तर भीती वाटते म्हणून सांगतो.