प्रक्षिप्त मासा

महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथील महाशीर मासे वरदायिनी देवीचे. त्यांना कोणी पकडत नाही. प्रथम गेलो तेव्हा कुरमुऱ्यांवर तुटून पडणारी ती जाड ओठांची गर्दी पाहून आम्हीही भाविकांसारखेच हरखलो होतो. मासा वाचवायचा म्हणजे त्याची संख्या वाढवायची, यापलीकडे आमची समज गेलेली नव्हती.

हा मासा 'टॉर खुद्री'. १८३९ साली कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून त्याचे वर्णन केले आणि नावही इथल्याच बोलीतून उचलले. पुढे तो विरळ होऊ लागला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. हेतू निर्मळच होता. तेथली बोटुकली दूरदूर गेली, कावेरीतही गेली. पण कावेरीला तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, ५० किलोंच्या पुढे वाढणारा. १९९८ ते २०१२ या काळातील हौशी गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींत पाहुणा वाढत गेलेला दिसतो आणि घरचा जवळजवळ नाहीसा होतो. (धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगही होतेच.)

या कुबडवाल्याला धड शास्त्रीय नावच नव्हते. आणि निनावी प्राण्याला संकटग्रस्तांच्या यादीत जागा नसते. २०१८ साली त्याचा डीएनए कावेरीच्याच खोऱ्यातील पांबार नदीतून आधीच वर्णिलेल्या 'टॉर रेमादेवी'शी जुळला आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला.

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्याचे सांगतो. जनुकांची तपासणी आम्हाला त्याच कुळीची वाटते: प्रती ताडायच्या, कोणती कोणापासून निघाली ते ठरवायचे. मात्र तुलना येथे लंगडी पडते. प्रक्षिप्त ओवी तळटीपेत हलवता येते. कावेरीतली खुद्री वेचून काढता येत नाही. शिवाय ही ओवी खोटी नव्हे. मुळा-मुठेच्या पोथीत ती मूळ पाठ आहे, कावेरीच्या पोथीत प्रक्षेप.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा वाळण कोंडावर गेलो. एक मुलगा घरच्या काचपेटीतला मासा पिशवीत घालून देवीच्या डोहात सोडायला आला होता. आम्ही त्याला थांबवले. "पण बिचारा जगेल ना इथे!" तो म्हणाला. यावर त्याला काय सांगावे, ते शोधताना आमची भलतीच त्रेधा उडाली.