टॅपेटचा आवाज

भिलाईच्या पोलाद कारखान्यात देखभालीच्या कामी हयात घालविल्यावर मी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तीत दोन बिछाने, एक शेगडी व पाण्याची टाकी बसविली, आणि गेली अकरा वर्षे आम्ही उभयता तिच्यातून अमरकंटकापासून पंढरपुरापर्यंत हिंडत आहोत. मर्सिडीजच्या आराखड्यावरून बजाज टेम्पोने बांधलेले तिचे २३९९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन अतिशय सोशिक आहे. परंतु या सोशिकपणावर विसंबून मी एकदा फार मोठी चूक केली.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते आमच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तंत्रज्ञांबरोबर आलेला ‘कॅपिटल रिपेअर’ हा शब्द तेव्हापासून भिलाईत घरोघरी रुळला. बिघडली म्हणून नव्हे, तर मुदत भरली म्हणून भट्टी थांबवायची, हा त्याचा अर्थ मला मुखोद्गत होता; तरीही तिसऱ्या वर्षी इंजिनाची टकटक हळूहळू मावळून ते विलक्षण शांत चालू लागले तेव्हा मी संतुष्ट झालो आणि तपासणीची मुदत टळू दिली. कवर्ध्यापुढे चिल्फी घाट चढताना एका सिलिंडरने दगा दिला. हेड उघडले, तो एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड चंद्रकोरीसारखी जळून गेलेली.

टॅपेट वाजते तेव्हा कॅम व व्हॉल्व्ह यांच्यामधली फट वाढलेली असते, आणि ते ऐकू तरी येते. पण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत आत रुतला की फट आवळत जाते, आवाज नाहीसा होतो, व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो, आणि बैठकीला टेकून जी उष्णता त्याने सोडायची ती त्याच्यातच साठून राहते.

आता दर दहा हजार किलोमीटरला, इंजिन रात्रभर निवल्यावर, पहाटे मी कव्हर काढतो. पाना लावून इंजिन हातानेच फिरवायचे, कॅमचे नाक वर आले की फिलर गेजचे पाते सरकवायचे : इनटेकला ०.१०, एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. पाते अडकता कामा नये, सैलही पडता कामा नये. बोटांना बारीकशी ओढ लागली पाहिजे. ही ओढ पुस्तकात सापडत नाही. दुरुस्तीपूर्वीचा आकडा मी रोजनाम्यात टिपतो. गेल्या माघात तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट ०.२४ वर आला होता.

नट कसून कव्हर बसविल्यावर इंजिन सुरू करतो. ती टकटक परत ऐकू आली, की मग पाण्याची टाकी भरावयास घेतो.