चुकीचे कार्ड

बँकेतील ३६ वर्षांत एक शिस्त अंगी बाणली होती: नोंद करणारा हात एक, तपासणारा दुसरा. निवृत्तीनंतर चंद्रपूरच्या घरी तपासणारे कोणी उरले नाही, त्याची ही हकीकत.

अहेरीतील आमच्या वडिलांच्या दुकानाच्या खातेवह्यांना वाळवी लागली, तेव्हा मी सुमारे नऊशे पानांची छायाचित्रे काढून मेमरी कार्डावर ठेवली. वह्या पुढे टिकल्या नाहीत. अहेरीला धाकट्या बंधूंकडे इंटरनेटचा भरवसा नसतो. त्यांना ती पाने घरच्या टीव्हीवर पाहता यावीत, म्हणून नातवाच्या सल्ल्याने ‘रास्पबेरी पाय’ मागवला. एटीएम कार्डाएवढ्या पट्टीवरचा हा संगणक इंग्लंडमध्ये २९ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रथम विक्रीस आला. मुलांनी संगणक शिकावा, हा त्यामागचा हेतू. आमच्या वयाचा विचार कोणी केला नसावा!

यात हार्डडिस्क नसते. सारी कार्यप्रणाली मेमरी कार्डावरच राहते आणि ती ‘इमेजर’ नावाच्या मोफत प्रोग्रामने त्यावर लिहावी लागते. लिहिताना कार्डावरचे पूर्वीचे सर्व पुसले जाते. तशी सूचना पडद्यावर आली, मी ती वाचली आणि ‘होय’ दाबले. टेबलावर दोन सारखीच काळी कार्डे होती. कोरे बाजूलाच राहिले.

नातवाला फोन केला. तो म्हणाला, “आजोबा, आता त्या कार्डावर काहीही लिहू नका. पायमध्येही घालू नका.” प्रणालीने कार्डाचा आरंभीचा भागच व्यापला होता, पुढची जागा रिकामी दिसली तरी तेथील छायाचित्रे अजून शाबूत होती. संगणक त्या कार्डावरून सुरू केला असता, तर प्रणाली त्या जागेतही पसरली असती. ‘फोटोरेक’ या मोफत प्रोग्रामने रात्रभरात सहाशेच्या वर पाने परत दिली. मात्र मी दिलेली नावे व क्रम गेले.

“दुसरी प्रत का नव्हती?” सौ.ने विचारले. शाखेत बॅकअप झाल्याशिवाय घरी न निघणारा मी, काय उत्तर देणार?

नंतर कोरे कार्ड तयार केले. इमेजर लिहून झाल्यावर सारे पुन्हा वाचून पडताळतो, हे तेव्हा ध्यानात आले. म्हणजे दुसरा हात तेथे होता, पण कार्ड कोणते घ्यावे हे त्याने कसे सांगावे? पायचा हिरवा दिवा लुकलुकला. वीज अचानक गेल्यास कार्ड बिघडू शकते, म्हणून तो रीतसर बंद करूनच बटण दाबतो. छायाचित्रांची दुसरी प्रत आता कपाटात आहे.

दुपारी वडिलांच्या अक्षरावरून पाने जुळवीत बसतो. बंधू फोनवर विचारतात, “दादा, तेंदूच्या हंगामातील उधारीचे पान सापडले का?”

अजून नाही.