काफ चुकला, गैन घसरला

अमरतिथीला, 31 जानेवारीला, नगरजवळच्या मेहेराबादला गेलो होतो. 1925 पासून 1969 मध्ये देह ठेवेपर्यंत मौन पाळलेल्या मेहेरबाबांची समाधी तिथे आहे. मंडपात कव्वाली सुरू होती. शेजारची परदेशी बाई डोळे मिटून ताल धरत होती, गाल ओले. मी मात्र कव्वालाचे उच्चार तपासत बसलेलो. काफ चुकला, गैन घसरला. मास्तरकीची खोड!

मध्येच तिने इंग्रजीत अर्थ विचारला. सांगितला: विरहाने घायाळ झालेला जीव मुर्शिदला हाक मारतोय.

ती म्हणाली, “मग तुम्ही इतके शांत कसे?”

कव्वाली आपली म्हणून मिरवणारा मी. ऐकत होती ती. उत्तर सुचलं नाही.

आता गझल शिकवताना शब्दार्थ फळ्यावर नंतर लिहितो. आधी मुलांना नुसती ऐकवतो.